रुग्णाने नकार दिला

दातांचा दवाखाना लहानसा होता. एक खुर्ची, एक डॉक्टर आणि एक ताई. ताईंना तिथे लागून बावीस वर्षं झाली होती. पेशंट त्यांना ताई म्हणत, डॉक्टर ताई म्हणत, आणि ऐकून ऐकून एकदा नवऱ्याच्याही तोंडून 'ताई' निघालं, तेव्हा सासूबाईंनी त्याला झापलं होतं, "अरे, बायको आहे ती तुझी! उद्या मला मावशी म्हणशील."

सकाळी आठला ताई कुलूप उघडायच्या. वाफेच्या यंत्रात शिजलेली हत्यारं काढून ट्रेमध्ये लावायच्या: आरसा, चिमटा, वाकडी सुई, किटण खरवडायचे आकडे. डॉक्टरांनी हात पुढे केला की न बघता त्यात हवी ती वस्तू यायची. माणसांचे चेहरे ताई विसरत, दात विसरत नसत. रस्त्यात कुणी हसून बोललं, की त्या पुढे गेल्यावर नवऱ्याला सांगायच्या, "वरची उजवी दाढ. फार रडली होती."

डॉक्टर उंच, सावकाश बोलणारे. रडणारं मूल आलं, की आधी त्याच्याकडून स्वतःचे दात मोजून घ्यायचे आणि मुद्दाम एक दात कमी सांगून त्याच्याशी भांडायचे. ताईंचा नवरा बस चालवायचा. त्याच्या बसला अपघात झाला, तेव्हा डॉक्टर दवाखाना बंद ठेवून तीन दिवस इस्पितळाच्या बाकावर ताईंशेजारी बसले होते. ताई ते कधी विसरल्या नाहीत. घरात कुणी डॉक्टरांबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नव्हती.

सात वर्षांपूर्वी दवाखान्यात एक्सरेचं नवं यंत्र आलं. संगणकाला जोडलेलं, मिनिटात फोटो दाखवणारं. डॉक्टर लहान मुलासारखे खूश होते. "पहिला मान तुमचा," ते म्हणाले. "बसा खुर्चीत. उद्घाटन तुमच्या दातांनी."

ताई हसत हसत बसल्या. यंत्र टकटकलं. डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. फोटो स्वच्छ येतो. उठा, बाहेर पेशंट ताटकळलेत."

त्यानंतर दर वर्षी त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणायचे, "या, यंत्र नीट चालतंय ना बघू," आणि ताई खुर्चीत बसायच्या. तो एक रिवाजच पडला.

ब्रश केल्यावर बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसायची. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. म्हणून तर त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी आरसा घेऊन बघितलं, म्हणाले, "दात घासता की भांडी घासता? हलक्या हातानं घासा." ताईंनी मऊ ब्रश आणला. रक्त यायचं थांबलं नाही, पण दुखत तर काहीच नव्हतं, आणि ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्याला विचारून झालं होतं. आणखी कुणाकडे जाणार? दातांच्या डॉक्टरकडे काम करायचं आणि दात दाखवायला दुसऱ्याकडे जायचं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

बोटांचं दुखणं त्यानंतरच्या वर्षी सुरू झालं. सकाळी उठलं की बोटं आखडलेली. नळ फिरवताना कळ यायची. डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी फार मनापासून चौकशी केली. कोणती बोटं? दोन्ही हातांची? किती वेळ आखडतात?

"असतील दहा मिनिटं."

डॉक्टरांनी खिशातली निळी डायरी काढून टिपून ठेवलं. पुढे दर एक-दोन महिन्यांनी ते विचारत. वीस मिनिटं. अर्धा तास. मनगट सुजलंय का? उजवं की डावं? ताई घरी येऊन सांगायच्या, "सख्ख्या भावानं इतकं विचारलं नसतं गं बाई."

"भाऊ विचारत नाही, कारण तो डॉक्टर नाही," सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. जीभ मात्र शाबूत होती.

पाचव्या वर्षी डबीचं झाकण उघडेना, तेव्हा नवऱ्यानं त्यांना सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, आमवात आहे. शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उलटतं, आतली सूज धुमसत राहते. जोरकस औषध द्यावं लागेल, पण त्या औषधानं शरीराची राखण कमी होते. त्याआधी कुठे पू, संसर्ग दबून बसलेला नाही ना, हे बघायला हवं.

"हिरड्या तर तपासाच," बाई म्हणाल्या. "हिरड्यांच्या जुन्या सुजेचा आणि या आजाराचा जवळचा संबंध दिसतो. दातांचे डॉक्टर आहेत का ओळखीचे?"

ताईंना हसूच आलं. "आहेत म्हणजे काय!"

त्या चिठ्ठी घेऊन ऐटीत दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. मग ताईंना खुर्चीत बसवून मिनिटभर तोंडात बघितलं आणि चिठ्ठीच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: 'हिरड्या निरोगी. संसर्ग नाही.' खाली सही, शिक्का.

औषध सुरू झालं. दीड वर्ष गेलं. बोटं थोडी सैलावली, पण म्हणावी तशी नाही.

मग ते भाषण आलं. दंतवैद्यांची मोठी परिषद भरली होती, गाडीनं चार तासांवर. डॉक्टरांना तिथे त्यांच्या अभ्यासावर बोलायला बोलावलं होतं. डॉक्टर काही अभ्यास करतात हे ताईंना ठाऊक होतं. दुपारी पेशंट नसले की ते संगणकापुढे बसलेले असत. त्यांच्या वर्गातले दोघे-तिघे मोठ्या कॉलेजांत प्राध्यापक झाले होते आणि त्यांची पत्रं आली की डॉक्टर दिवसभर गप्प असत. म्हणून या बोलावण्याचा ताईंना स्वतःचा गौरव झाल्यासारखा आनंद झाला. त्यांनी डॉक्टरांच्या कोटाला स्वतः इस्त्री केली. दुखऱ्या हातानं, पण केली.

"तुम्ही बाहेरच्या टेबलावर बसा," डॉक्टर तिथे पोचल्यावर म्हणाले. "आलेल्यांना माहितीपत्रकं द्या. आत तुम्हाला कंटाळा येईल."

ताई टेबलाशी बसल्या. दारं बंद झाली, भाषण सुरू झालं. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं, डॉक्टरांचा चष्मा पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी राहिला होता. चष्म्याशिवाय डॉक्टरांना कागदावरचं एक अक्षर दिसत नसे. ताईंनी चष्मा उचलला आणि दार हळूच ढकललं.

आत अंधार होता. दोनशेएक माणसं पडद्याकडे तोंड करून बसली होती. ताई भिंतीच्या कडेकडेनं पुढे निघाल्या.

"तोंडातली जुनाट सूज तोंडातच राहत नाही," डॉक्टरांचा शांत आवाज येत होता. "हिरडीखालचे जंतू आणि त्या सुजेतून सुटणारी द्रव्यं रक्तात उतरतात. मधुमेह बळावतो, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा धोका वाढल्याचं दिसतं, सांध्यांची सूज भडकते. हे आपण सगळे वाचतो. पण एकाच रुग्णात, उपचारांविना, वर्षानुवर्षं हे घडताना आपल्याला सहसा बघायला मिळत नाही. मला मिळालं."

पडद्यावर एक एक्सरे आला. मागोमाग दुसरा, तिसरा. एकाच जबड्याचे सात फोटो शेजारी शेजारी लागले. पहिल्यात दातांभोवतीचं हाड काठोकाठ होतं. प्रत्येक फोटोत ते थोडं खाली खचत गेलं होतं, सातव्यात दोन दात जवळजवळ निराधार उभे होते.

ताई मनात म्हणाल्या, अरेरे, बिचारी.

मग त्यांना वरचा डावा सुळा दिसला. जरा वळलेला. त्याच्या मागे दोन दात सोडून दाढ, आणि दाढेत धातूची खीळ, टोकाशी किंचित वाकलेली. अकरा वर्षांपूर्वी ती खीळ बसवताना डॉक्टर म्हणाले होते, "जराशी वाकडी बसली, ताई, पण तुम्हाला जन्मभर पुरेल."

ताई चेहरा विसरतील, पण दात कसे विसरतील?

पडद्यावर अक्षरं आली. 'स्त्री. वय पंचेचाळीस ते बावन्न. सकाळी बोटं आखडण्याचा कालावधी: दुसरे वर्ष, दहा मिनिटे. तिसरे वर्ष, अर्धा तास. पाचवे वर्ष, सव्वा तास.' आणि सगळ्यात खाली: 'उपचार सुचवले. रुग्णाने नकार दिला.'

ताईंनी ती ओळ परत वाचली. दिवे लागले, टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतले एक वृद्ध प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "उत्तम काम आहे. फक्त एक विचारतो. सात वर्षं हा रुग्ण उपचाराला 'नाही' का म्हणत राहिला?"

"भीती," डॉक्टर म्हणाले. "आणि थोडं अज्ञान. काही माणसांना कितीही समजावलं तरी पटत नाही."

ताई तेव्हा व्यासपीठाच्या पायरीपाशी, त्यांच्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या. डॉक्टर बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, ही बावीस वर्षांची सवय. त्या दोन पायऱ्या चढल्या, चष्मा त्यांच्या समोर ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांचं पुढचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. ते पेल्यातलं पाणी प्यायले आणि पुढे बोलू लागले.

ताई बाहेर येऊन उरलेली पत्रकं मोजल्यासारखी हलवत राहिल्या.

परतीच्या चार तासांत गाडीत भाषणासाठी नेलेल्या प्लास्टरच्या जबड्यांची पेटी ताईंच्या मांडीवर होती आणि खड्डा आला की आतले दात वाजत होते. घरापाशी गाडी थांबवून डॉक्टर समोर बघतच म्हणाले, "उद्या उशिरा आलात तरी चालेल. दमला असाल."

दुसऱ्या दिवशी ताई सातलाच दवाखान्यात पोचल्या. सवयीनं हत्यारं वाफेच्या यंत्रात लावली आणि मग संगणक सुरू केला. शोधावं लागलं नाही. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या संगणकावर काही लपवायची गरज मानली नव्हती. ताई त्यांच्या कागदांना कधी हात लावणार नाहीत याची त्यांना खात्री होती. सात फोटो, तारखांसकट. महिन्यांच्या नोंदी. 'मनगटाची सूज, उजवे अधिक.' 'भांडी सासू घासते.' 'डबीचे झाकण उघडत नाही.' घरी ज्या गोष्टी त्या रडत सांगायच्या आणि मग डॉक्टरांपाशी मन मोकळं करायच्या, त्या सगळ्या तिथे ओळीनं होत्या. सांध्यांच्या बाईंची चिठ्ठीसुद्धा होती, फोटो काढून ठेवलेली. त्यांनी सगळ्याच्या प्रती छापल्या.

डॉक्टर आले, पडदा बघितला आणि दार लावून घेतलं. ते आपल्या स्टुलावर न बसता पेशंटच्या बाकावर बसले.

"ताई, मी तुम्हाला सांगणारच होतो."

"कधी?"

"पहिल्या वर्षी फार नव्हतं. थोडं हाड झिजलेलं. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या वर्षी तुम्ही बोटांचं बोललात आणि मी..." त्यांनी हात चोळले. "तुम्हाला कसं सांगू? मोठ्या इस्पितळांतसुद्धा असा पेशंट मिळत नाही. हिरड्यांवर उपचार नाहीत, दर वर्षी तेच यंत्र, तोच हात. आधी हिरड्या, मग सांधे. माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं."

"माझ्या अंगात घडत होतं," ताई म्हणाल्या.

ताईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"नकार मी कधी दिला?"

"तसं लिहावं लागतं. नाहीतर विचारतात, उपचार का केले नाहीत म्हणून."

"मग का केले नाहीत?"

ताईंनी छापलेली चिठ्ठी पुढे धरली. "आणि हे? हे तर मी स्वतःच्या हातानं आणून दिलं होतं तुम्हाला. सांध्यांच्या बाई विचारत होत्या, औषध देऊ का, धोका नाही ना? तुम्ही लिहिलंत, निरोगी."

"दीडच वर्ष उरलं होतं, ताई," डॉक्टर हळूच म्हणाले. "सात वर्षं पुरी झाली असती. तेव्हा साफसफाई केली असती तर सगळं मधेच तुटलं असतं."

हे ऐकेपर्यंत ताईंच्या मनात कुठेतरी आशा होती, की काहीतरी चूक झाली असेल, काहीतरी आपल्याला कळलं नसेल. ती तिथे संपली.

"या अभ्यासानं कितीतरी लोकांचं भलं होईल," डॉक्टर म्हणाले. "डॉक्टर लोक हिरड्यांकडे लक्ष द्यायला लागतील."

"मी त्या लोकांत नव्हते का?" ताईंचा आवाज फुटला. "आधी मला बरं केलं असतंत आणि मग म्हणाला असतात, ताई, अभ्यासाला फोटो हवेत, तर दर महिन्याला जबडा उघडून बसले असते. तुमच्यासाठी काय नाही म्हटलं हो मी आजवर? बावीस वर्षांत एकदा तरी नाही म्हटलं? आणि तुम्ही लिहिलंत, नकार दिला!"

तेवढ्यात वाफेचं यंत्र पिंपिं करायला लागलं. दोघंही तिकडे बघत राहिले. शेवटी ताईच उठल्या, झाकण उघडलं, गरम ट्रे चिमट्यानं बाहेर काढून जागेवर ठेवला. मग पिशवीत कागद घातले आणि निघून आल्या.

घरी त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा नवरा चपला घालून उभा राहिला. "थांब, मी येतो बघून त्याच्याकडे." सासूबाईंनी त्याला खाली बसवलं. "तू बस चालव. मारामारी तुला झेपायची नाही." मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "केसानं गळा कापला गं मेल्यानं." आणि दुपारभर त्याच्या नावानं बोटं मोडत बसल्या.

पुलापलीकडे एका तरुण डॉक्टर मुलीचा दवाखाना होता. ताई तिथे गेल्या आणि पहिल्यांदाच परक्या खुर्चीत बसल्या. ती मुलगी बारीक खुणांची सुई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून किती आत जाते ते मोजत होती आणि तिची मदतनीस लिहून घेत होती.

"चार. पाच. सहा. आठ."

हे आकडे ताईंनी स्वतः हजारो वेळा लिहून घेतले होते. तीनपर्यंत ठीक. पाचला डॉक्टर मान हलवत. आठ ऐकलं की ताई पेशंटकडे बघायचं टाळायच्या.

"सात. आठ. सात."

छताकडे बघत पडल्या पडल्या त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. मुलगी थांबली. "दुखलं का, काकू?"

"नाही. लिही तू."

शेवटी तिनं खीळ असलेली दाढ हलवून बघितली. "ही मात्र पक्की आहे. ज्यानं बसवली त्याचा हात चांगला असणार."

"हात चांगलाच आहे," ताई म्हणाल्या.

दोन दात काढावे लागले. बाकीच्यांची हिरडीखालून सफाई करायला दोन महिने लागले, एका बाजूला हिरडी उघडून टाके घालावे लागले. सांध्यांच्या बाईंनी ती खोटी चिठ्ठी वाचली तेव्हा त्या लालबुंद झाल्या. त्यांनी औषध काही आठवडे थांबवलं. त्या दिवसांत ताईंची बोटं पुन्हा इतकी आखडली की सासूबाई त्यांना घास भरवायच्या. "लग्न करून आलीस तेव्हा नाही भरवला," त्या म्हणायच्या, "आता घे."

हिरड्या बऱ्या झाल्यावर औषध पुन्हा सुरू झालं आणि चार-पाच महिन्यांत फरक दिसू लागला. सव्वा तासाचा अर्धा तास झाला. ताईंनी बाईंना विचारलं, "हा गुण हिरड्यांचा की औषधाचा?"

"दोन्हीचा असेल. वाटून नाही सांगता येणार."

"आणि सात वर्षांपूर्वीच हिरड्या बऱ्या केल्या असत्या तर? हा आजार झाला नसता?"

बाईंनी फाइल मिटली. "कदाचित तरीही झाला असता. हिरड्या बिघडलेल्या सगळ्यांनाच तो होत नाही. कदाचित उशिरा झाला असता, कदाचित हलका. खोटी आशा देणार नाही आणि खोटा दोषही देणार नाही. हे कुणालाच सांगता येणार नाही."

ताईंना या 'कदाचित'चा सगळ्यात जास्त त्रास झाला. हात मोडला असता तर कुणी मोडला ते सांगता आलं असतं. इथे किती नुकसान डॉक्टरांनी केलं आणि किती नशिबानं, याचा हिशेब कधीच लागणार नव्हता. रात्री कूस बदलताना मनगट दुखलं की त्या विचार करायच्या, हे दुखणं कुणाचं?

दंतवैद्यांच्या मंडळाकडे त्यांनी तक्रार केली. नवरा म्हणाला, तू सांग, मी लिहितो. त्या नको म्हणाल्या. चार दिवस लागले, पण एका पानाचा अर्ज त्यांनी आपल्या हातानं लिहिला.

गावभर बभ्रा झाला. पावाच्या दुकानातली बाई सुटे परत देताना म्हणाली, "खाल्ल्या मिठाला तरी जागायचं, ताई. देवमाणूस आहे तो." ताईंनी सुटे पिशवीत टाकले. वर्षभरापूर्वी कुणी डॉक्टरांवर असा आरोप केला असता तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

चौकशीच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी डॉक्टर घरी आले. नवरा कामावर होता. डॉक्टर एकदम म्हातारे दिसत होते, कोटाला इस्त्री नव्हती. दारातच उभे राहिले. "आत येऊ का?"

सासूबाई तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी त्यांना डोळ्यांनी थांबवलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. डॉक्टरांनी ताईंच्या हातांकडे बघितलं.

"आता किती वेळ..." ते म्हणाले आणि थांबले. "माफ करा. सवय."

त्यांचे डोळे भरून आले. "मला झोप लागत नाही, ताई. त्या पायरीवर तुम्ही उभ्या होतात, ते डोळ्यांपुढून हलत नाही. मी फार वाईट वागलो तुमच्याशी."

ताईंना इस्पितळातला तो बाक आठवला, ते तीन दिवस आठवले. माणूस चुकतो, म्हणतात. त्यांना वाटलं, आता हा म्हणेल, मी मंडळापुढे सगळं कबूल करतो. तसं म्हणाला, तर आपण अर्ज मागे घेऊ. त्या मनातून तिथपर्यंत पोचल्या होत्या.

डॉक्टरांनी आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"एवढी एक सही द्या. मी सांगितलं होतं आणि तुम्हाला तेव्हा उपचार नको होते, एवढंच आहे. तारीख सात वर्षांपूर्वीची आहे. तुमचं काही जात नाही यात. माझी मात्र उभ्या जन्माची कमाई वाचेल."

ताईंनी कागद घेतला, वाचला. त्यांच्या नावापुढे सहीसाठी टिंबंटिंबं काढलेली होती. डोळ्यांतलं पाणी खरं आहे की नाही ते बघावं तसं त्यांनी डॉक्टरांकडे निरखून बघितलं. पाणी खरंच होतं. म्हणूनच तर त्यांना कळेना, की माणूस रडतो खरं आणि मागतो हे, असं कसं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "ही सही म्हणजे माझा नकार. बरोबर?"

"तसं समजा."

"मग आज खरा देते." त्यांनी कागद घडी करून परत त्यांच्या हातात ठेवला. "नाही."

डॉक्टर उठले. दारापर्यंत जाताना सासूबाईंना त्यांनी हात जोडले, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं. ते गेल्यावर ताई भिंतीला टेकून खूप रडल्या. दवाखाना सोडला त्या दिवशीसुद्धा त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. तीन सदस्य, मध्ये टेबल. ताईंनी फोटो, नोंदी, चिठ्ठी पुढे ठेवली. डॉक्टर म्हणाले, मी तोंडी सांगितलं होतं, माझ्या आठवणीप्रमाणे. आठवणीप्रमाणे, हा शब्द ते तीनदा बोलले. दीड महिन्यानं निकाल आला. डॉक्टरांना वर्षभर काम करायला बंदी झाली. त्यांचा अभ्यास मागे घेतला गेला आणि तशी चार ओळींची सूचना छापून आली: 'रुग्णाच्या नकाराची नोंद वस्तुस्थितीला धरून नव्हती.'

नवऱ्यानं ती मोठ्यानं वाचली.

"खोटी होती, एवढं लिहायला यांना काय झालं होतं?" सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी कागद कपाटात ठेवला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

पुलापलीकडच्या मुलीनं त्यांना कामावर ठेवून घेतलं. हत्यारं धरायला आता बोटं साथ देत नाहीत, म्हणून त्या बाहेरच्या टेबलाशी बसतात, नावं लिहितात, घाबरलेल्यांशी बोलतात. एकदा तिथे निवृत्त मास्तर आले. डॉक्टरांचे जुने पेशंट. खालच्या पुढच्या दातांची कवळी ताईंनी लगेच ओळखली.

"तुमच्यामुळे आता पूल ओलांडून यावं लागतं," मास्तर कुरकुरले.

"बसा. पाच मिनिटं लागतील."

मास्तर बसले, पण त्यांना राहवेना. इकडेतिकडे बघून ते पुढे झुकले. "एक विचारू, ताई? रागावू नका. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. ते असं काही करतील असं वाटत नाही हो."

ताईंनी पेन खाली ठेवलं आणि आखडलेली बोटं दुसऱ्या हातानं हळूहळू सरळ केली.

"मलाही वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग आतून हाक आली, आणि त्या मास्तरांना घेऊन आत गेल्या.